खिंडीत अडलेला ब्रेक

१

काळूराम म्हात्रे मेला तेव्हा त्याचा उजवा हात आमच्या मोटारीच्या दिव्यावर होता. कार्ले खिंडीच्या उताराखाली मोरीचा दगडी कठडा होता. मोटारीचं नाक आणि तो कठडा यांच्यामध्ये काळूराम छातीपर्यंत चेपला गेला होता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि तो काचेतून सरळ माझ्या यजमानांकडे बघत होता. त्याचा बैल रस्त्यात आडवा पडून पाय झाडत होता.

मार्गशीर्षातली थंडी, नुकतं उजाडलेलं. पोयनाडला माझ्या मामेबहिणीचं लग्न आटपून आम्ही दोघं नागावला परत निघालो होतो. शिवदास हे माझ्या यजमानांचं नाव. ते होते तोवर मी ते कधी उच्चारलं नाही. आता लिहिते, नाहीतर वाचणाऱ्यांचा घोळ होईल.

लग्नाची भांडी वाहणाऱ्या बैलगाड्या आमच्या पुढे गेल्या होत्या. आवाज ऐकून त्या थांबल्या. काळूरामचा धाकटा भाऊ भागोजी धावत आला. त्याने भावाकडे एकदा पाहिलं, माघारी जाऊन आपल्या गाडीच्या जोखडातली शिवळ उपसली, हातभर लांब लाकडी दांडा, आणि शिवदासांना केसांना धरून खाली ओढलं. पहिला घाव कानावर बसला, दुसरा डोळ्यावर. तो डोळा नंतर कायमचा गेला.

मी त्यांच्या अंगावर पडले.

"बाजूला हो गो, न्हाय तर तुलापन धरीन," भागोजी म्हणाला. मी झाले नाही. माझ्या गळ्याजवळचं हाड तेव्हा मोडलं; पावसाळी हवेत ते अजून ठणकतं.

एका म्हाताऱ्या गाडीवानाने भागोजीला मागून मिठी घातली. "सोड रे. ह्याला सरकार फासावर देनार हाय. तू कशाला हात घान करतोस."

असं तो म्हणाला, कारण आदल्या दुपारी मांडवात जे घडलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात नागावच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. आमची मोटार ओल्या वाळूत थांबली नाही आणि काळूरामचा शर्यतीचा बैल पाय मोडून पडला. बैल मरेपर्यंत काळूराम त्याच्या गळ्याला मिठी मारून वाळूत बसला होता. तो राग त्याने लग्नात काढला. शिवदासांना म्हणाला, "अजून मानसं मारायची ऱ्हायली हाईत व्हय?" शिवदास चिडले आणि पन्नास माणसांसमोर बोलून गेले, "आता माझी गाडी हवी तिथे थांबते. बघायचं असेल तर पुढे उभा राहा."

ऊन चढल्यावर अलिबागचा रतन मिस्त्री आला. त्याने मोटार ढकलायला लावली आणि ब्रेक दाबला. चारी चाकं खिळ्यासारखी रुतली. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा रुतली.

रतनने खाली उतरून हात झटकले. "ब्रेक उत्तम आहे," तो म्हणाला. "दाबलाच नसेल."

२

त्या ब्रेकवर आम्ही दोघांनी सबंध पावसाळा घालवला होता.

जुन्या मोटारीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. तो बैल गेल्यापासून शिवदासांना झोप लागत नव्हती. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एका फुटक्या अमेरिकन गाडीचे तेलाचे ब्रेक उचलून आणले. आमच्या सुपारीच्या पडवीत मोटार ओंडक्यांवर चढवली आणि घरातली सुपारी भिजली तरी मोटार भिजू दिली नाही. सासूबाई म्हणायच्या, "तिला सवत म्हणून नांदव आता."

तेलाचा ब्रेक म्हणजे असं: पायाखालची दांडी दाबली की एका डबीतलं तेल बोरूएवढ्या बारीक तांब्याच्या नळ्यांतून चारी चाकांकडे जातं आणि चाकं आवळतं. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तो काढायला दोन माणसं लागतात. मी वर बसून दांडी दाबायची, त्यांनी खाली झोपून चाकामागचा स्क्रू सोडायचा. "दाब." "दाबली." "सोड." चुलीवरची भाकरी किती वेळा जळली याची गणती नाही. दांडीचा तो दाब माझ्या पायाला इतका ओळखीचा झाला होता की डोळे मिटून सांगितलं असतं, नीट आहे की नाही.

तेल एरंडेल, स्पिरिटने पातळ केलेलं. गळती चटकन दिसावी म्हणून मी त्यात रतनजोत घातली. डोक्याच्या तेलाला रंग यावा म्हणून बायका घालतात ती मुळी. तेल डाळिंबासारखं तांबडं झालं. शिवदास इतके खूश झाले की सासूबाईंना दाखवायला बाटली माजघरात घेऊन गेले.

एक काम मात्र राहिलं. हातब्रेकच्या जुन्या सळ्या काढल्या होत्या त्या परत जोडायच्या होत्या. लग्न तोंडावर आलं आणि आम्ही तसेच निघालो.

ह्या कामाला पाहुणा एकच. दयाराम टांगेवाला. मांडव्याच्या बोटीची माणसं तो ने-आण करायचा आणि जाता-येता आमच्या उंबऱ्यावर पान लावत बसायचा. त्याच्या चाकांची कुरकुर नारळीच्या वाडीपलीकडून ऐकू यायची. ती ऐकूनच मी चहाचं आधण ठेवायची.

"वहिनी," तो म्हणायचा, "माझी घोडी लगाम ओढला की उभी राहते. तिला एरंडेल लागत नाही, चणे लागतात."

शिवदास गाडीखालून म्हणायचे, "दयाराम, तुझी घोडी थांबते कारण तिला चालायचंच नसतं."

हे सगळं मी शनिवारी ठाण्याच्या पायरीवर बसून आठवत होते. आतून शिवदासांचा आवाज येत होता. शिपाई विचारत होता, "कुठल्या पायाने दाबला नाहीस? ह्या?" आणि मग हाड मोडल्याचा आवाज आला.

३

फौजदार एलोजी नवगावकर रविवारी सकाळी आले. ते बेने इस्राएल, आमच्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणतात त्या लोकांपैकी. शनिवारी ते कामाला हात लावत नसत. कोठडीत काय झालं ते त्यांनी पाहिलं, त्या शिपायाचा पट्टा काढून घेतला, आणि माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा दगडासारखा.

"बाई, मी गोड बोलणार नाही. पन्नास माणसांनी धमकी ऐकली. ब्रेक चांगला आहे. दोन दिवसांत खटला वर जाईल, आणि शिवदास फासावर जातील. तुम्ही शेजारी बसला होता. काय पाहिलंत?"

"उतार लागला तसा ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही."

"त्याआधी दाबला नव्हता?"

"पोयनाडपासून रस्ता सपाट, मग खिंडीचा चढ. दाबायची वेळच आली नाही."

"पाय कुठवर गेला? फळीला टेकला?"

"नाही. वरच अडला. हे सीटवरून उठून दोन्ही पायांनी त्यावर उभे राहिले. कातळावर उभं राहावं तसे."

फौजदारांनी चहाची बशी खाली ठेवली. "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"तुम्ही खरं बोलताय," ते म्हणाले. "नवऱ्याला वाचवायला खोटं बोलणारी बाई म्हणाली असती की ब्रेक खाली गेला, तेल गळलं. सगळ्यांना तेच ठाऊक असतं. दगड झाला असं कोणी रचून सांगत नाही."

"मग पहाटे दगड झालेला ब्रेक दुपारी बरा कसा झाला?"

फौजदारांनी वही उघडली. "लग्नघरी मोटार कुठे होती?"

"मागे, चिंचेखाली. पुढे पंगती चालल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिकडे कोणी फिरकलं नसेल."

"एक माणूस फिरकला," फौजदार उठत म्हणाले. "आणि त्याला तुम्ही दोघं मेलेले हवे होतात."

४

मोटारीजवळ जायला फुरसत आणि कारण असलेली तीन माणसं त्या लग्नात होती. फौजदारांनी तिघांना एकामागून एक बोलावलं. मला दाराआडच्या बाकावर बसवलं. म्हणाले, "काही खटकलं तर खोका."

रतन मिस्त्री लग्नात गॅसबत्त्या लावायला आला होता. तो आधीच घुश्शात होता.

"मला न विचारता ब्रेक बसवले. हौशी माणसं. उद्या घरी दात काढतील."

"म्हणून राग?"

"राग आहेच. पण बऱ्या ब्रेकला बरा म्हणालो, हा गुन्हा आहे का?"

"दुपारी गाडीत बसून गुपचूप काही दुरुस्त केलंस का?"

"दोनशे डोळे माझ्यावर होते, साहेब. मला खाजवायलासुद्धा लाज वाटत होती."

भागोजी आला तो उभाच राहिला. हाताला अजून शिवदासांचं रक्त लागलेलं होतं. त्याने ते धुतलं नव्हतं.

"मोटारीखाली कशाला लोळू? माझा हात पुरे हाय. तुमीच बगितला."

"तुझा भाऊ मोटारीचं काही करून बसला असेल? बैलाचा सूड म्हणून?"

भागोजीने दोन्ही मुठी मेजावर आपटल्या. दौत उडून भिंतीवर फुटली. "भाव बैल घिऊन त्याच रस्त्यानं फुडं चालला हुता. मीबी. सापळा लावनारा आपल्याच बैलाला सापळ्यात बांधतो व्हय?"

फौजदारांनी अंगरख्यावरची शाई पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "नाही बांधत. जा."

तिसरा दयाराम. मी डोळे मिटून टेकले होते. उघडले तर तो दारात उभा, हसत.

"वहिनी, हाड कसं आहे? हळदीचा लेप लावा." मग आत जाऊन, "साहेब, शिवदास देवमाणूस. मांडव्याची माणसं फुकट नेतो, एक दिडकी घेत नाही."

"फुकट?"

"हौस हो. मोटार चालवायला मिळते म्हणून नेतो."

"शुक्रवारी सकाळी तू कुठे होतास?"

"पोयनाडातच. जिलबी जास्त झाली. ऊन वर आल्यावर निघालो."

"सकाळची बोट सोडलीस?"

"एक दिवस चुकली. बोट काय, रोज येते."

तो गेला. मी खोकले नव्हते, पण फौजदार बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिले.

"तो दारात दिसला तेव्हा तुम्ही दचकलात. का?"

मलाही तोच विचार करावा लागला. मग सापडलं.

"त्याचा टांगा आला," मी म्हणाले, "आणि मला ऐकू आला नाही."

५

मोटार रात्रभर ठाण्याच्या अंगणात उघड्यावर ठेवली होती. फौजदारांनी पहाटेच रतनला, भागोजीला आणि गाववाल्यांना बोलावून घेतलं. गारठा असा की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"रतन, चढून बस. बाकीच्यांनी ढकला. मी हात वर केला की ब्रेक दाब."

ढकलली. हात वर झाला. रतन ओरडला, "अडलाय, साहेब, दबत नाही." मोटार तशीच घरंगळत गेली आणि घोड्यांच्या दगडी डोणीवर आदळली. रतनचं कपाळ काचेवर फुटलं. तो रक्त पुसत उतरला आणि आपल्याच पायाकडे बघू लागला, जणू तो दुसऱ्याचा होता.

फौजदारांनी चाकामागचा स्क्रू काढायला लावला. थेंबही आला नाही. त्यांनी तार घातली, फिरवली, बाहेर काढली. तारेला पांढरं काहीतरी चिकटून आलं. साजूक तुपासारखं. त्यांनी ते भागोजीच्या नाकासमोर धरलं.

"खोबरेल," भागोजी म्हणाला.

"माझ्या वडिलांचा तेलाचा घाणा होता," फौजदार म्हणाले. "पण हे कळायला घाणा लागत नाही. थंडीत खोबरेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागत नाही असं एक घर ह्या किनाऱ्यावर दाखवा. पहाटे दगड, उन्हात पाणी. संध्याकाळी कोमट असताना डबीत ओतायचं आणि खालचे स्क्रू सोडून नळ्यांत आपोआप उतरू द्यायचं; सबंध संध्याकाळ हाताशी असली की हे एकट्यानेही होतं. रात्री थिजतं. पहाटे गाडी उतारावर मरते आणि दुपारी मिस्त्री येतो तेव्हा ब्रेक उत्तम. तपासणारा माणूसच आरोपीच्या गळ्यात फास घालतो."

मी पुढे झाले. "आमचं तेल तांबडं होतं. रतनजोतीचं."

भागोजी आपल्या हातांकडे बघत होता. मग तो डोणीपाशी गेला, पाण्यात दोन्ही हात घातले आणि घासत राहिला, घासत राहिला.

"कोन?" तो पाठ न वळवता म्हणाला. "फकस्त नाव सांगा."

६

नाव फौजदारांनी सांगितलं नाही. आधी टांग्याच्या तळावर चला म्हणाले. वाटेत माझ्याशी बोलले.

"पोयनाडची ती चिंच मी काल पाहिली. खाली तांबडा डाग नाही. नळ्यांतलं, डबीतलं सगळं एरंडेल त्याने बाटलीत काढून घेतलं. का?"

"तेल भुईवर सांडत नाहीत," मी म्हणाले. "शनी मागे लागतो."

"दोन माणसं मारायला आलेला माणूस तेल सांडायला भ्यायला. आमच्या घाण्याखालचा थेंबसुद्धा आई बोटाने पुसून घ्यायची. मला कळतं ते. मग बाटलीभर एरंडेल हातात राहिलं. आपल्याकडे कोण फेकेल? रतनच्या दुकानात यंत्राचं काळं वंगण, त्याला एरंडेल नको. भागोजी पुढे भावाबरोबर चालला होता. आणि एक माणूस जन्मभर सकाळची बोट न चुकवणारा, नेमका त्या सकाळी खिंडीत आला नाही."

दयाराम घोडीला चणे चारत होता. फौजदारांनी त्याच्याशी न बोलता शिपायांना चाक उतरवायला सांगितलं. चाक निघालं. कण्यावर, चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आत, तांबडं तेल होतं. डाळिंबासारखं. बोटाला लावलं तर स्पिरिटचा वास.

"नवीन वंगण," दयाराम हसत म्हणाला.

"माझी रतनजोत आहे ती," मी म्हणाले.

तो तसाच हसत बैठकीखाली वाकला आणि गवत कापायचा कोयता घेऊन वर आला. फौजदारांनी हात आडवा घातला. कोयता हाडापर्यंत रुतला. तो ओढून काढतानाचा आवाज मी विसरलेले नाही. मग तो माझ्याकडे वळला. भागोजी मधे आला, कमरेला खोचलेली ती शिवळ हातात. शिवळीचा घाव दयारामच्या जबड्यावर बसला आणि दात मातीत सांडले. भागोजी पुन्हा मारायला लागला, पुन्हा, पुन्हा. तळावरचा एकही माणूस पुढे झाला नाही.

फौजदारांनी रक्ताळलेल्या हाताने त्याचा खांदा धरला. "भागोजी, हा मला बोलता हवा. ह्याच्या तोंडातून निघाल्याशिवाय शिवदास सुटत नाहीत."

भागोजी थांबला. त्याला थांबायला किती जोर लागला ते त्याच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं.

दयाराम बोलला. मोडक्या तोंडाने, रक्त गिळत. "भाडं घेतलं असतं तर मी समजलो असतो. धंदा धंद्याशी भांडतो. ह्याने हौसेसाठी माझी घोडी उपाशी मारली. वर हसायचा." थुंकला. "दोघं दरीत जायची होती. काळू कुठे मधे आला."

७

दयारामला जन्मठेप झाली. शिवदास सुटून आले ते एका डोळ्याने आणि लुळ्या उजव्या पायाने. डॉक्टरांनी हाड बसवायचा प्रयत्न केला, पण पाऊल वळेना. नागावला आल्यावर ते बरेच दिवस पडवीकडे गेले नाहीत. मग एके दिवशी काठी टेकत गेले, मोटारीच्या नळ्या उकळत्या पाण्याने धुतल्या, हातब्रेकच्या सळ्या जोडल्या, आणि मला हाक मारली.

"राही, तुझ्या पायाला दाब कळतो. चालवायला शीक."

मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि शिकले. कासोट्याचं लुगडं नेसून मोटार चालवणारी बाई बघायला नागावची माणसं कुंपणावर चढून बसायची. टिंगल करायची. "बाजूला शेटजी, हाकायला शेटानी, आता रस्त्यावर झाडंच काय ती उभी राहतील."

पुढच्या उन्हाळ्यात पोयनाडला जायचं झालं. परतताना खिंडीचा उतार मीच उतरले. मोरीपाशी एक बाई बैलजोडी घेऊन रस्ता ओलांडत होती. काळूरामची बायको, सखुबाई. कपाळ मोकळं. तिने मोटार पाहिली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बाजूला झाली नाही, बैलही हाकले नाहीत.

मी ब्रेक दाबला. मोटार तिच्यापासून चांगली लांब, जागच्या जागी उभी राहिली. शेजारी शिवदासांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

सखुबाई चालत पुढे आली. दिव्यावर हात ठेवला, थंड की गरम ते बघावं तसा. मग चाकांकडे पाहिलं.

"अशी थांबते व्हय," ती म्हणाली.

तिने हात पदराला पुसला, बैलांना हाक घातली आणि रस्ता ओलांडून गेली.